नदीतील मासेमारीची नाव : तळ कसा निवडावा?

हौसेने नाव बांधावयास निघालेला मनुष्य बहुधा ‘किती लांब?’ या प्रश्नापासून सुरुवात करतो. जाणता बांधणारा मात्र आधी नदी पाहून येतो, आणि तीही उन्हाळ्यात, पाणी सर्वांत कमी असताना. नावेचा जो भाग पाण्यात बसतो, ज्याला इंग्रजीत ‘हल’ म्हणतात, त्याची घडण नदीच ठरवते. बांधणाऱ्याच्या हाती फारच थोडे उरते.

समुद्राच्या होडीचा अनुभव येथे फारसा कामास येत नाही. समुद्रात पाणी खोल असते आणि भय लाटेचे असते. डोंगरातून उतरणाऱ्या नदीत पाणी गुडघाभर, खडक जागच्या जागी आणि प्रवाह अनावर. समुद्रातील होडीला खाली खोल पठाण असतो. तो तिला सरळ रेषेत ठेवतो आणि वाऱ्याने बाजूला ढकलली जाऊ देत नाही. तोच पठाण नदीत खडकाला अडकला, की प्रवाह नावेला त्याच्याभोवती फिरवून आडवी पाडतो.

नाव किती बुडते याचा हिशेब आर्किमिडीजच्या सिद्धांताने शाळकरी मुलालाही करता येईल. नावेचे वजन दीडशे किलो, तीन माणसांचे दोनशे दहा, सामान चाळीस. एकूण चारशे किलो. म्हणजे नावेने ०.४ घनमीटर पाणी बाजूला सारले पाहिजे. तळ तीन मीटर लांब, १.२ मीटर रुंद व अगदी सपाट, पेटीसारखा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर भरते आणि नाव सुमारे ११ सेंटिमीटर बुडते. त्याच लांबी-रुंदीचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता केला, तर त्याच वजनाला तिला २२ सेंटिमीटर पाणी लागते. प्रत्यक्षात टोके निमुळती होत गेल्याने दोन्ही आकडे वाढतात, पण त्यांतील दुप्पट-निमपट राहतेच. ज्या नदीच्या पात्रात एप्रिलमध्ये वीतभर पाणी वाहते, तेथे हा एक आकडा निम्मे प्रश्न निकालात काढतो.

ओरेगॉनची नाव

सपाट तळाची नाव जगात सर्वत्र आहे, परंतु नदीतील मासेमारीसाठी तिचा पद्धतशीर विकास कसा झाला हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील मॅकेन्झी नदीकडे वळावे. कॅस्केड पर्वतातून उतरणारी ही सुमारे १४५ किलोमीटर लांबीची नदी युजीन शहराजवळ विलामेट नदीला मिळते. पाणी थंड व स्वच्छ, वाटेत खडक आणि द्रुतवाह असंख्य, आणि ट्राउट माशांसाठी ती प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी लोकांना मासेमारीसाठी नदीवर नेणे हा तेथील काही लोकांचा व्यवसाय बनला. त्यांच्या आरंभीच्या नावा जाड फळ्यांच्या, लांब आणि विलक्षण जड असत. १९२० च्या दशकात व्हेल्टी प्रुइट यांनी पातळ फळ्यांची हलकी नाव बांधली. पुढे टॉम कारहस या नॉर्वेहून आलेल्या सुताराने युजीनमध्ये नावांचा कारखाना चालविला व १९३० च्या दशकाच्या अखेरीस प्लायवूडचा वापर रूढ केला. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या वुडी हिंडमन यांनी १९४० च्या दशकात दोन्ही टोके निमुळती असलेली नाव घडविली. नंतर लहान मोटार बसविता यावी म्हणून त्यांनी एक टोक कापून तेथे सपाट फळी बसविली. आज ‘ड्रिफ्ट बोट’ या नावाने ओळखली जाणारी नाव ती हीच. या साऱ्या जुन्या नावांची मापे रॉजर फ्लेचर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहेत. ते काम झाले नसते, तर यांतील पुष्कळसे ज्ञान जुन्या सुतारांबरोबरच गेले असते.

या नावेतील मूळ कल्पना आपल्याला उलटी वाटेल. नाव वेगाने जावी म्हणून आपण धडपडतो. ही नाव पाण्यापेक्षा हळू जावी म्हणून बांधलेली आहे. वल्ही मारणारा मनुष्य प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसतो. पुढचा खडक त्याला दिसतो, आणि तो वल्ही मागे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध ओढतो. नाव मंदावते, वल्हेकऱ्याला विचार करण्यास वेळ मिळतो, आणि तिचे टोक किंचित तिरपे धरले तर प्रवाहच तिला या तीरावरून त्या तीराकडे सरकवतो. गळ टाकणाऱ्यालाही हेच हवे असते. नाव मंद चालली, तर गळाचे आमिष पाण्याबरोबर नैसर्गिकपणे वाहते आणि माशाला संशय येत नाही.

मंद चालावयाचे, पण क्षणात वळावयाचेही. त्यासाठी तळ लांबीच्या दिशेने डोलखुर्चीच्या बुडासारखा वक्र ठेवतात. याला तेथे ‘रॉकर’ असाच शब्द आहे. काठावर मोजली तर सोळा फूट भरणारी नाव पाण्याला मात्र दहा-साडेदहा फूटच टेकते. दोन्ही टोके अधांतरी राहतात. त्यामुळे एक वल्हे पुढे व दुसरे मागे ओढले, की ती जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते. टोके उचललेली असल्याने द्रुतवाहाखालच्या उभ्या लाटेत ती घुसत नाही, तिच्यावर चढते.

या वक्रतेची किंमतही मोजावी लागते. संथ पाण्यात अशी नाव सरळ जात नाही. प्रत्येक वल्ह्यागणिक टोक इकडेतिकडे फिरते. पाण्यातून रेटा देऊन चालणाऱ्या नावेचा सर्वाधिक वेग तिच्या पाण्यातील लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो : लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळास साडेचाराने गुणले, की ताशी किलोमीटरमध्ये साधारण उत्तर मिळते. चार मीटरला नऊ, तीन मीटरला आठाच्या आत. शिवाय उंच टोके वारा धरतात. दुपारी दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्यात रिकामी ड्रिफ्ट बोट वल्हवणे ही शिक्षाच असते. म्हणून ज्याच्या नदीत चार-दोन द्रुतवाह आणि बाकी मैलोगणती डोह आहेत, त्याने छायाचित्रांतील त्या डौलदार वक्रतेच्या मोहात पडू नये. शेजारच्याच रोग नदीवरील सुतारांनी हे ओळखले होते. त्यांनी मधला बराच भाग सपाट ठेवून केवळ टोके उचलली. नाव थोडी आळशी झाली, परंतु अधिक सामान घेऊन कमी पाण्यात तरू लागली. त्या नदीवर अनेक दिवसांच्या सफरी असत आणि तंबूपासून पिठापर्यंत सारे बरोबर न्यावे लागे, हे त्यामागचे साधे कारण.

स्थिरतेचे दोन अर्थ

नाव ‘स्थिर’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पाय ठेवताच नाव डगमगते की नाही, ही एक. कलली तर पुन्हा सावरते की उलटते, ही दुसरी. रुंद सपाट तळ पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. तिरके होण्यास नाव करीत असलेला हा विरोध पाण्याच्या पातळीवरील रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. एक मीटर रुंदीचा तळ १.२ मीटर केला, तर तो जवळजवळ पाऊणपट अधिक होतो. उभे राहून गळ टाकणाऱ्यास त्यामुळे निर्धास्त वाटते. पण बाजू सरळ उभ्या असतील, तर एका मर्यादेनंतर काठ पाण्याखाली जातो आणि तेथून पुढे नाव सावरत नाही, तीही पूर्वसूचना न देता. गोल तळाची नाव याच्या उलट. पाय ठेवला की डुलते आणि नवख्याला घाबरवते, परंतु बरीच कलूनही परत येते.

मॅकेन्झीच्या नावेने यावर जो उपाय काढला तो विचार करण्यासारखा आहे. तळ सपाट, मात्र बाजू बाहेरच्या दिशेने भरपूर कललेल्या. तळाशी चार फूट रुंद असलेली नाव काठाशी सहा फुटांवर जाते. ती कलू लागली, की बाहेर झुकलेली बाजू पाण्यात उतरते, रुंदी वाढते आणि प्लावक बल नेमके जेथे हवे तेथे वाढते.

या बाहेरच्या कलाचे महत्त्व खडकावर आदळताना कळते. नदीतील पुष्कळ अपघात एकाच पद्धतीने घडतात : नाव प्रवाहात आडवी होते, एक बाजू खडकाला टेकते आणि दुसऱ्या बाजूवर सगळी नदी येऊन थडकते. बाजू सरळ असेल, तर पाणी तिच्यावर साचत जाऊन तो काठ खाली दाबला जातो. बाहेर झुकलेल्या बाजूवर मात्र प्रवाहाचा दाब थोडा वरच्या दिशेने लागतो व काठ उचलला जातो. पाणी तळाखालून निसटू शकते. तरीही माणसाची एक स्वाभाविक चूक सारे व्यर्थ करते. खडक दिसला, की बसलेले लोक त्याच्यापासून दूर, म्हणजे प्रवाहाच्या बाजूला सरकतात. तो काठ बुडतो आणि दोन-तीन सेकंदांत नाव भरते. अशा वेळी सर्वांनी खडकाच्याच बाजूला झुकावयाचे असते. नाव किनाऱ्यावर असतानाच हे प्रत्येकाकडून एकदा करवून घ्यावे. आणीबाणीत सांगण्यास वेळ नसतो.

नाव भरणे म्हणजे काय, हाही हिशेब वर घेतलेल्या मापांनी करून पाहावा. ३.६ चौरस मीटर तळावर दहा सेंटिमीटर पाणी साचले, की ३६० किलो वजन वाढले. म्हणजे माणसांसह भरलेल्या नावेइतकेच जवळजवळ दुसरे वजन, तेही जागचे न राहणारे. नाव ज्या बाजूला कलेल त्या बाजूलाच धावणारे. म्हणून १९६० च्या दशकात मार्टिन लिटन यांनी अशाच नावा कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅनियनमध्ये नेल्या, तेव्हा त्या वरून बंद करून घेतल्या. हवाबंद कप्प्यांमुळे लाट आत आली तरी पाणी साचावयास जागा थोडी उरते. मासेमारीच्या नावेत सारे बंद करणे सोयीचे नाही, परंतु दोन्ही टोकांना व बैठकीखाली हवाबंद कप्पे करण्यास कोणतीच अडचण नसते. सुतार त्याचा कंटाळा करतात, एवढेच.

यंत्र लावावयाचे असेल तर

आतापर्यंतचे सर्व विवेचन वल्ह्याच्या नावेचे झाले. मोटार लावावयाची असेल, तर मघाची वक्रता दोष ठरते. मागचा भाग वर वळलेला असेल, तर यंत्राचा जोर वाढवताच नावेचे बूड खाली बसते, नाक आकाशाकडे जाते आणि इंधन केवळ लाटा निर्माण करण्यात खर्ची पडते. वेगाने पाण्याच्या पृष्ठभागावर चढून सरकावयाचे, तर तळाचा मागील निम्मा भाग अगदी सरळ हवा आणि मागची फळी रुंद हवी. दोन्ही गुण एकाच तळात आणण्याचे प्रयत्न बहुतेक वेळा फसतात. हिंडमन यांची सपाट फळी लहान मोटारीने डोह ओलांडण्यापुरतीच होती, हे पुष्कळजण विसरतात.

पंख्याचे यंत्र तळाखाली हातभर पाणी मागते. त्यावर न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात उत्तर शोधले. कँटरबरी प्रांतातील उथळ, अनेक फाट्यांत विभागलेल्या नद्यांसाठी त्यांनी तळातून पाणी आत ओढून मागे जोराने फेकणारी जेट बोट तयार केली. १९६० मध्ये त्यांच्या यंत्रांवर चालणाऱ्या नावा ग्रँड कॅनियनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. जेटच्या नावेला तळ पूर्ण सपाट ठेवून चालत नाही; सपाट तळाखालून हवेचे बुडबुडे थेट यंत्राच्या तोंडात जातात आणि जोर निघून जातो. थोडासा निमुळता तळ हवा बाजूला सारतो. आणखी एक सापळा : धावताना ही नाव चार बोटे पाण्यावरून जाते, पण थांबली की आपल्या वजनाने खाली बसते. उथळ जागी यंत्र बंद पडले, तर ती तेथेच रुतते.

आपल्याकडची पाण्याची समज

हे सर्व दूरदेशीचे वाटत असेल, तर हंपीला तुंगभद्रेच्या काठी उभे राहावे. तेथील ‘हरिगोलू’, म्हणजे बांबूची टोपलीवजा गोल नाव, याच प्रश्नाला दिलेले कितीतरी जुने उत्तर आहे. पूर्वी तिला चामडे मढवीत. आता प्लास्टिकचा कागद व डांबर वापरतात. तिला पुढचे टोक नाही आणि मागचेही नाही. वजन मोठ्या वर्तुळावर पसरल्याने ती अगदी थोड्या पाण्यात तरते, खडकाला लागली तर बांबू लवतो, आणि संध्याकाळी कोळी ती डोक्यावर घेऊन घरी जातो. सरळ जाणे मात्र तिला जमत नाही. कावेरीवरील होगेनक्कलपासून कृष्णेच्या काठापर्यंत हाच आकार टिकून आहे, याचे कारण त्या नद्यांच्या खडकाळ पात्रात आहे. बंगालमध्ये पात्र गाळाचे आणि खडक नाहीत, तेथे लाकडी फळ्या लोखंडी पट्ट्यांनी कडेला कड जोडून गोलसर, बिनपठाणाची नाव बांधतात. आधी कवच आणि मग आतल्या फासळ्या. इंग्रजीतील ‘डिंगी’ हा शब्द आपल्याकडूनच गेला आहे. कोकणात उलांडी लावतात ती युक्ती निराळी : मूळ होडी अरुंद व चपळ ठेवावयाची आणि दूरवर तरंगते लाकूड बांधून रुंदीचा लाभ मिळवावयाचा. अरुंद, खडकाळ पात्रात अर्थातच ती अडकेल.

महाराष्ट्रात गोड्या पाण्यातील मासेमारीचा मोठा भाग आज धरणांच्या जलाशयांत चालतो, आणि जलाशय ही नदी नव्हे. तेथे प्रवाह नाही, खडक खोल गेलेले. परंतु वाऱ्याला मैलोगणती मोकळे पाणी मिळते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती मासेमारीची नाव नव्हती, आणि त्या अपघाताची कारणमीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण भीमेवरील शांत दिसणारे पाणी वळवाच्या वाऱ्यात किती झपाट्याने बदलते, हे त्यावरून ध्यानात यावे. अशा पाण्यासाठी डोंगरी नदीची वक्र, उथळ नाव निवडणे हा धोका आहे. वारा तिला वाटेल तेथे नेईल. येथे नाळेकडचा भाग निमुळता व उंच, तळाला मागील बाजूस लहानसा पठाण आणि भार भरल्यावरही पाण्यावर हातभर काठ, असा आराखडा हवा. सपाट तळ घ्यावयाचाच असेल, तर समोरच्या लाटांवर तो थपडा खात चालेल, हे गृहीत धरावे.

साहित्य आकार ठरवते

कागद गोल गुंडाळता येतो, शंकूसारखाही करता येतो; चेंडूवर मात्र तो सुरकुतीशिवाय बसत नाही. प्लायवूडचेही तसेच. म्हणून घरी नाव बांधणाऱ्याने चमच्यासारख्या गोल तळाचे स्वप्न सोडून द्यावे आणि सपाट किंवा कोनाच्या तळाकडे वळावे. १९६३ मध्ये लंडनच्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने आलेली ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी तांब्याच्या तारेने प्लायवूडचे तुकडे शिवून आणि सांध्यांवर राळ व काचतंतूंची पट्टी बसवून घरच्या घरी तयार होत असे. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. नदीच्या नावेलाही ही पद्धत उत्तम लागू पडते. मात्र प्लायवूड ‘आयएस ७१०’ या भारतीय मानकाचे, म्हणजे सागरी प्रतीचेच घ्यावे. फर्निचरच्या प्लायवूडवर केलेली बचत दुसऱ्याच पावसाळ्यात पापुद्र्यांच्या रूपाने सुटून येते. ॲल्युमिनियम खडकावर पोचते पण सहसा फुटत नाही. त्याचा आवाज मात्र फार होतो, आणि ते खडकाला चिकटते. काचतंतूंचा तळ घसरत पुढे जातो, परंतु ओरखडे वेळच्या वेळी बुजवावे लागतात.

आराखडा पक्का करण्यापूर्वी एक खटाटोप अवश्य करावा. जाड पुठ्ठ्याची, एकास दहा प्रमाणाची प्रतिकृती कापून, मेण लावून तयार करावी. लांबी दहापट कमी झाली की घनफळ हजारपट कमी होते. म्हणून चारशे किलोच्या जागी चारशे ग्रॅम भार घालून ती घंगाळात सोडावी. किती बुडते, कोणते टोक खाली जाते, दोन माणसांचे वजन, म्हणजे १४० ग्रॅम, एका काठाला सरकवल्यावर पाणी आत येते का, हे तासाभरात दिसते. पुठ्ठ्याला जेथे सुरकुती पडते तेथे प्लायवूडही वळणार नाही, हेही त्याच वेळी कळते. त्यानंतर खऱ्या नावेची पहिली चाचणी कमरेएवढ्या संथ पाण्यात, माणसांऐवजी वाळूची पोती भरून करावी आणि तिला मुद्दाम पाण्याने भरून पाहावे. काठोकाठ भरल्यावरही ती तरंगत राहिली आणि बाहेरून धरलेल्या माणसांचे वजन तिने पेलले, तर मग वल्ह्यांचे आकडे कोठे ठोकावयाचे याचा विचार करावा. ते आधीच ठोकू नयेत. भार भरल्यावर नाव कशी बसते हे पाहूनच वल्हेकऱ्याची बैठक पुढे-मागे सरकवावी लागते.